निवडशास्त्राच्या दाराशी : औद्योगिक मानसशास्त्रातील पीएच्. डी. अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांचे एक परीक्षण

अमेरिकेतील औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्राच्या पीएच्. डी. अभ्यासक्रमांपैकी कोणता स्वीकारावा, हा प्रश्न सकृद्दर्शनी व्यवहाराचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. परंतु ज्यांच्या आधारे विद्यार्थी ही निवड करतो ती बहुतेक साधने म्हणजे संहिताच असतात. विभागांची माहितीपत्रके, गुणानुक्रमाच्या याद्या आणि व्यवसायसंस्थेने प्रसृत केलेली मार्गदर्शक तत्त्वे, या तीन प्रकारच्या लेखनाखेरीज सातासमुद्रापलीकडच्या त्या विभागाविषयी त्याच्या हाती प्रारंभी फारसे काही नसते. संहितेची चिकित्सा करणे हे आमचे नित्याचे काम असल्यामुळे या संहितांकडेही त्याच नजरेने पाहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटले. पुणे-मुंबईचा जो विद्यार्थी मानसशास्त्राची एम्. ए. पदवी घेऊन तिकडे जाऊ पाहतो तो आपली पाच किंवा त्याहून अधिक वर्षे बहुधा एकाच मार्गदर्शकाच्या हाती सोपवीत असतो. इतक्या मोठ्या देवघेवीचा दस्तऐवज बारकाईने वाचला जाऊ नये, हे आश्चर्य आहे.

या विषयात एक विशेष गंमत आहे. माणसाला काम आणि कामाला माणूस कसा जुळवावा, उमेदवाराची पारख कोणत्या साधनांनी करावी, उमेदवाराने तरी कामाची पारख कशी करावी, हाच या शास्त्राचा शतकभराचा मुख्य उद्योग. तेव्हा हे शास्त्र स्वतःच्या दाराशी आलेल्या उमेदवाराशी कसे वागते, हे त्याच्याच मापांनी तपासणे न्यायाचे ठरेल. अशा तपासणीत ही माहितीपत्रके बऱ्याच अंशी अनुत्तीर्ण होतात, असे माझे मत आहे. ते कसे, हे पुढे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहणे इष्ट आहे. कारण निवडीचे प्रश्न या विषयाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहेत. ह्यूगो म्यून्स्टरबेर्ग यांचा उद्योगविषयक ग्रंथ जर्मनमध्ये १९१२ साली व इंग्रजीत १९१३ साली निघाला. (हार्वर्डमध्ये म्यून्स्टरबेर्ग यांच्या सहवासात शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनीच कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली सुरू झालेल्या मानसशास्त्र विभागाची धुरा वाहिली, तेव्हा हा प्रवाह आपल्या देशाला अगदी परका नाही.) पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रविद्या संस्थेत वॉल्टर बिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली १९१५ साली उपयोजित मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला, आणि औद्योगिक मानसशास्त्रातील पहिली पीएच्. डी. म्हणून जिचा उल्लेख केला जातो ती ब्रूस मूर यांची पदवी १९२१ साली तेथूनच मिळाली. मात्र तो विभाग स्थापनेपासून दहा वर्षांच्या आतच बंद पडला. मूर यांनी पुढे पेनसिल्व्हेनिया स्टेट येथे हा विषय रुजविला, आणि अमेरिकन मानसशास्त्र परिषदेची चौदावी शाखा या विषयासाठी १९४५ साली निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच झाले. विभागाचे आयुष्य आणि विद्येचे आयुष्य ही दोन वेगळी आहेत, हे या एका उदाहरणावरून ध्यानी येते. आजही एखाद्या विद्यापीठातील या विषयाचा गट चार-सहा अध्यापकांचा असतो. त्यांतील दोघे दुसरीकडे गेले की माहितीपत्रक तेच राहते, विभाग मात्र तो राहत नाही.

लिलियन गिल्ब्रेथ यांची हकीकत याहून बोलकी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांचा प्रबंध मान्य केला. परंतु त्या पतीसमवेत पूर्व किनाऱ्यावर राहत असल्याने विद्यापीठाच्या परिसरात निवास करण्याची अट पुरी झाली नव्हती, आणि तेवढ्यावरून पदवी नाकारण्यात आली. तो प्रबंध 'द सायकॉलॉजी ऑफ मॅनेजमेंट' या नावाने १९१४ साली ग्रंथरूपाने निघाला व या विषयातील आद्य ग्रंथांपैकी एक ठरला. पदवीसाठी मात्र बाईंना दुसरा प्रबंध लिहून १९१५ साली ब्राउन विद्यापीठाचे दार गाठावे लागले. माहितीपत्रकाच्या मागील पानांवर बारीक टंकात छापलेला एखादा नियम पुढच्या पानांवरील सर्व गौरवपर वाक्यांपेक्षा भारी पडतो, तो असा.

आता प्रस्तुत संहितांकडे वळू. रुग्णचिकित्सा, समुपदेशन आणि शालेय मानसशास्त्र या शाखांच्या पीएच्. डी. अभ्यासक्रमांना अमेरिकन मानसशास्त्र परिषदेची मान्यता घ्यावी लागते, निदान ती घेण्याची सोय तरी आहे. औद्योगिक मानसशास्त्राला अशी मान्यतेची व्यवस्थाच नाही. 'सायॉप' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी या विषयाची व्यवसायसंस्था वेळोवेळी शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करते; १९८५ व १९९९ साली ती पीएच्. डी.साठी निघाली, आणि २०१६ च्या आवृत्तीत एम्. ए. व पीएच्. डी. या दोहोंसाठी एकच मसुदा करण्यात आला. परंतु ही तत्त्वे कोणत्याही विभागावर बंधनकारक नाहीत. त्यांत दोन डझनांच्या आसपास क्षमतांची यादी दिलेली आहे, आणि प्रत्येक विभाग आपल्या माहितीपत्रकात त्या यादीचेच प्रतिध्वनी उमटवितो. परिणामी दहा विभागांची माहितीपत्रके एकापुढे एक ठेवली तर नावे झाकल्यावर कोणते कोणाचे हे सांगणे कठीण जाते. भेद दाखविणे हे ज्या लेखनाचे कार्य, त्यातूनच भेद नाहीसा झाला आहे.

या सर्व पत्रकांत एक सामासिक शब्द देवाच्या नावासारखा येतो : 'शास्त्रज्ञ-व्यावसायिक'. मूळ कल्पना रुग्णचिकित्सक मानसशास्त्रज्ञांच्या १९४९ सालच्या बोल्डर परिषदेतली. औद्योगिक शाखेने ती पुढे आपलीशी केली. आमचा विभाग विद्यार्थ्याला शास्त्रज्ञ-व्यावसायिक म्हणून घडवितो, असे जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो. मराठी व्याकरण शिकलेल्या वाचकाने येथे एक साधा प्रश्न विचारावा : हा समास कोणता? आई-बाप, विटी-दांडू यांप्रमाणे दोन्ही पदे तुल्यबळ असलेला हा इतरेतर द्वंद्व आहे काय? की शास्त्रज्ञ असा जो व्यावसायिक, अशा विग्रहाचा कर्मधारय आहे, ज्यात पहिले पद दुसऱ्याचे केवळ विशेषण होऊन बसते? की खरे-खोटे, पास-नापास यांच्या जातीचा वैकल्पिक द्वंद्व आहे, जेथे 'आणि' दिसला तरी अर्थ 'किंवा'चा असतो? माहितीपत्रक पहिला विग्रह सुचविते. एकाच वेळी नियतकालिकांत लेख छापणारा आणि एखाद्या कंपनीत नोकरभरतीच्या चाचण्या बसविणारा असा पदवीधर असतोही, पण तो विरळा. बहुतेक विभागांत प्रत्यक्षातला विग्रह तिसरा असतो. काहींतून बाहेर पडणारे बहुसंख्य अध्यापनात जातात, काहींतून सल्लागार संस्थांत. आणि कोणता विग्रह खरा याचे उत्तर पत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात नसून गेल्या सात-आठ वर्षांतील पदवीधर कोठे गेले त्या नोंदीत असते. जो विभाग ही नोंद नावनिशीवार किंवा निदान पदवार देत नाही, त्याच्या समासाचा विग्रह विद्यार्थ्याने स्वतःच्या जोखमीवर करावा.

क्रियापदांचीही तीच गत. विद्यार्थ्यांना संधी 'उपलब्ध करून दिल्या जातात', त्यांना संशोधनात 'सहभागी करून घेतले जाते'. कर्मणी प्रयोगाने कर्ता लपतो. संधी कोण देतो, किती जणांना, कोणत्या वर्षी, आणि न मिळाल्यास काय, हे वाक्यातून गळून पडते. सरकारी परिपत्रकांची भाषा अशीच असते, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु तेथे निदान खाली कोणाची तरी सही असते.

एवढ्याने फार तर शैलीदोष सिद्ध झाला, असे कोणी म्हणेल. पण या विशिष्ट शास्त्राच्या बाबतीत तो शैलीदोषापेक्षा अधिक आहे. नोकरीची केवळ उजळ बाजू उमेदवाराला दाखविण्याऐवजी तिचे खरे, कडूगोड चित्र आधीच दाखवावे, म्हणजे तो रुजू झाल्यावर टिकण्याची शक्यता वाढते, हा सिद्धांत याच शास्त्राने मांडला. जोसेफ वाइट्झ यांनी १९५६ साली विमा-विक्रेत्यांच्या बाबतीत तो तपासला. जॉन वॅनस यांनी टेलिफोन ऑपरेटरांना नोकरीचे वास्तव चित्रण करणारा एक आणि नेहमीचा गोडगोड असा दुसरा चित्रपट दाखवून १९७३ साली आपला प्रसिद्ध अभ्यास छापला. वास्तव पाहिलेल्यांच्या अपेक्षा उतरल्या, पण नोकरी नाकारणाऱ्यांची संख्या फारशी वाढली नाही. उलट नोकरी सोडण्याचे विचार त्यांच्या मनात कमी आले. पुढील अनेक अभ्यासांतून हा परिणाम लहान पण खरा ठरला आहे. असे असता या विषयाच्या किती विभागांनी आपल्या उमेदवारांना असे वास्तव दर्शन घडविले आहे? प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण पदवी न घेता गेले, सर्वसमावेशक परीक्षेत किती जणांना दुसऱ्यांदा बसावे लागले, पदवीला सरासरी किती वर्षे लागली, मार्गदर्शक बदलण्याची पाळी आल्यास काय होते? काही विभाग यांतील एक-दोन आकडे देतात. सगळे देणारा विभाग दुर्मिळ. दुसऱ्यांच्या कारखान्यांना जो उपदेश केला तो स्वतःच्या घरी लागू करावयाचा नाही, असा हा प्रकार आहे.

गुणानुक्रमाच्या याद्यांचा विचार थोडा अधिक तपशिलाने केला पाहिजे. कारण आमचे विद्यार्थी सर्वांत आधी आणि पुष्कळदा शेवटीही त्याच पाहतात. 'सायॉप'च्या त्रैमासिकात २००२ साली गिब्बी, झिकर आदी पाच लेखकांनी उत्तर अमेरिकेतील अशा अभ्यासक्रमांची क्रमवारी लावली. तिचा आधार अध्यापकांचे संशोधनकार्य, म्हणजे मुख्यत्वे लेखांची मोजणी. त्याच त्रैमासिकात २००४ साली क्रेगर व अबालोस यांनी विद्यार्थ्यांनाच आपापल्या अभ्यासक्रमाविषयी विचारून दुसरी क्रमवारी तयार केली. त्यापूर्वी एका वृत्तसाप्ताहिकाच्या याद्या गाजत होत्या. त्यांचा आधार विभागप्रमुखांचे मत, म्हणजे कीर्ती. तीन याद्यांना तीन वेगळे प्रश्न विचारलेले आहेत, आणि तरीही तिन्हींचे उत्तर 'उत्तम विभाग' या एकाच नावाने बाजारात येते.

येथेही शास्त्राचेच शस्त्र शास्त्रावर चालविता येते. कामगाराची कामगिरी कशाने मोजावी, या प्रश्नाला या विषयात 'निकषाचा प्रश्न' म्हणतात. १९१७ ते १९९२ या पाऊणशे वर्षांतील त्याच्या चर्चेचा आढावा ऑस्टिन व व्हिलानोव्हा यांनी घेतला आहे. निकष दोन प्रकारांनी बिघडतो. जे मोजावयास हवे त्याचा काही भाग सुटून जातो, तेव्हा तो अपुरा असतो; जे मोजावयास नको ते त्यात मिसळते, तेव्हा तो दूषित असतो. लेखांच्या मोजणीवर उभा असलेला गुणानुक्रम एकाच वेळी अपुराही आहे आणि दूषितही. अध्यापन, मार्गदर्शनातील सातत्य, विद्यार्थ्याच्या स्वतंत्र कल्पनेला मिळणारा वाव हे त्यात मुळीच येत नाही; आणि विभागाचा आकार, एखाद्या एकट्या तेजस्वी प्राध्यापकाची अचाट लेखनशक्ती ही त्यात नकळत येते. विद्यार्थ्यांच्या मतांची यादी माझ्या मते अधिक उपयोगी. पण तिलाही एक मर्यादा आहे. विद्यार्थ्याने पाहिलेला असतो एकच विभाग. तुलना तो कशाशी करणार? कीर्तीच्या यादीविषयी न बोललेलेच बरे. कीर्ती ही मागील पिढीच्या कामगिरीची छाया असते, आणि छाया सर्वांत लांब पडते ती सूर्य कलल्यावर.

याशिवाय या याद्यांत जे बसतच नाही त्याचे काय? आपल्या भूमीवर झालेला या क्षेत्रातील सर्वांत अधिक उल्लेखिला जाणारा प्रयोग म्हणजे अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत १९५३ साली ए. के. राइस यांनी स्वयंचलित मागांवर केलेली विणकरांच्या स्वयंशासित गटांची योजना. राइस लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे; त्यांची परंपरा अमेरिकन चाचणीशास्त्राहून निराळी. एरिक मिलर यांनी पुढे त्याच गिरणीचा मागोवा घेऊन १९७५ साली दाखविले की काही ठिकाणी ती गटपद्धती टिकली, काही ठिकाणी मोडली. अशा दीर्घ मुदतीच्या, एका गिरणीत पाय रोवून केलेल्या कामाला लेखसंख्येच्या तराजूत वजन फार कमी. ज्याला असे काम करावयाचे आहे त्याने उत्तर अमेरिकेच्या यादीत आपला विभाग शोधावा, हेच मुळी चुकीच्या दुकानात शिरणे होय.

प्रवेशाच्या पद्धतीकडे पाहू. निवडक उमेदवारांना विभाग भेटीस बोलावितात, किंवा दूरचा असेल तर त्याच्याशी पडद्यावर बोलतात. या गप्पांत प्रत्येक प्राध्यापक आपापल्या मनाने प्रश्न विचारतो. आता मुलाखतीविषयी या शास्त्राचे स्वतःचे म्हणणे काय? श्मिट व हंटर यांनी १९९८ साली पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित हिशेब मांडला. त्यात ठरीव प्रश्नांच्या मुलाखतीचा पुढील कामगिरीशी असलेला सहसंबंध ०.५१ व मोकळ्या मुलाखतीचा ०.३८ निघाला. पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली त्या हिशेबातील दुरुस्त्या अतिरिक्त असल्याचे दाखवून नवे आकडे दिले : ठरीव मुलाखत ०.४२, मोकळी मुलाखत ०.१९. म्हणजे जुन्या हिशेबात जी पद्धत दुय्यम होती ती नव्या हिशेबात अगदीच लंगडी ठरली. तरीही या शास्त्राचेच आचार्य आपले शिष्य निवडताना बहुधा तिच्यावर विसंबतात. जी. आर. ई. परीक्षेविषयी कुन्सेल, हेझलेट व वन्स यांचा २००१ सालचा अभ्यास सांगतो की, त्या गुणांवरून विद्यार्थ्याचे वर्गातील यश, सर्वसमावेशक परीक्षेतील गुण व अध्यापकांचे त्याच्याविषयीचे मत यांचा अंदाज बरा येतो. पदवी पुरी होईल की नाही याचा अंदाज मात्र क्षीण. आणि आपण ज्यांना औपचारिकता समजून दोन ओळींत उरकतो त्या शिफारसपत्रांनी, कुन्सेल व सहकाऱ्यांच्याच २०१४ सालच्या हिशेबानुसार, नेमक्या या पदवीपूर्तीच्या बाबतीत थोडी का होईना भर पडते. आमच्या अध्यापकवर्गाने हे वाक्य दोनदा वाचावे.

मग विद्यार्थ्याने वाचावे तरी काय? प्रबंध वाचावेत. विभागाचे गेल्या पाच वर्षांतील चार-पाच प्रबंध मिळवून, त्यांतही पद्धतीचे प्रकरण आणि ऋणनिर्देशाचे पान. पद्धतीच्या प्रकरणात माहिती कोणाकडून गोळा केली हे कळते : खऱ्या कारखान्यातून वा कचेरीतून, की गुणांच्या मोबदल्यात प्रश्नावली भरणाऱ्या पदवीच्या मुलांकडून, की पैसे घेऊन घरबसल्या उत्तरे देणाऱ्या अनामिकांकडून. एका मार्गदर्शकाचे चार प्रबंध शेजारी ठेवले की त्याची रीत दिसते. चारही विद्यार्थ्यांनी त्याच्याच सिद्धांताची एकेक विटकर रचली असेल, तर पाचवा विद्यार्थीही तीच रचणार. चौघांचे विषय चार दिशांना जात असतील, तर तेथे स्वातंत्र्य आहे किंवा दुर्लक्ष. यांतले कोणते, हे ऋणनिर्देशाच्या पानावरून बरेचसे उमगते. भाषेच्या अभ्यासकाला या पानाचे महत्त्व सांगावे लागत नाही. सर्व प्रबंधातील ते एकच पान असे असते की जेथे कर्तरी प्रयोग सुटलेला नसतो. त्यानंतर मार्गदर्शकाच्या लेखांवरील नावांचा क्रम पाहावा. विद्यार्थ्याचे नाव कधी पहिले येते की नेहमी तिसरे-चौथे, एवढ्यावरून पुष्कळ समजते.

मेरिलँड विद्यापीठातील बेंजामिन श्नायडर यांचा १९८७ सालचा एक सुप्रसिद्ध निबंध येथे लागू पडतो. संस्था विशिष्ट प्रकारच्या माणसांना आकर्षिते, त्यांतून आपल्यासारख्यांनाच निवडते, आणि न जुळणारे गळून जातात. म्हणून कालांतराने संस्था म्हणजे तेथली माणसेच होऊन बसतात, असा त्याचा आशय. विभागांनाही तो तंतोतंत लागू आहे. मिनेसोटा येथे वैयक्तिक भेदांच्या मापनाची परंपरा, इलिनॉय येथे मापनाच्या गणिताची, बोलिंग ग्रीन येथे नोकरीविषयक वृत्तींच्या मोजमापाची : या परंपरा माणसांनी माणसे निवडून टिकविलेल्या आहेत. न जुळणाऱ्याने तेथे जाऊच नये, असे मी म्हणत नाही. गळतीचा धनी कोण होतो हे मात्र त्याने आधी जाणावे.

द्रव्याचा प्रश्न थोडक्यात उरकतो, कारण त्यात संदिग्धता कमी आहे. मानसशास्त्र विभागांतील पीएच्. डी.च्या विद्यार्थ्यास सामान्यतः शुल्कमाफी व अध्यापन-संशोधनातील साहाय्याबद्दल विद्यावेतन मिळते, केवळ एम्. ए.साठी जाणाऱ्यास ते बहुधा मिळत नाही. ज्या संस्था पीएच्. डी.साठीही पूर्ण शुल्क आकारतात त्यांच्यापासून दूर राहावे. विद्यावेतन किती वर्षांसाठी व उन्हाळ्यात मिळते की नाही, हे लेखी विचारावे. परदेशी विद्यार्थ्याला संकुलाबाहेर काम करण्यास वेगळी परवानगी लागते, आणि संघराज्य सरकारच्या कचेऱ्यांतील कामे बहुतांशी अमेरिकन नागरिकांसाठी असतात. तेव्हा 'राजधानीच्या सान्निध्यामुळे शासकीय अनुभवाची विपुल संधी' हे वाक्य ज्या पत्रकात आहे ते आपल्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेले नाही, असे समजावे. व्यवस्थापन विद्यालयांतही याच विषयाच्या जवळचे पीएच्. डी. अभ्यासक्रम चालतात व मानसशास्त्राचे कित्येक पदवीधर तेथेच अध्यापक होतात. वर उल्लेखिलेले फ्रँक श्मिट हेही आयोवाच्या व्यवस्थापन विद्यालयात होते. ज्याला अध्यापनच करावयाचे आहे त्याने ते दारही पाहून ठेवावे.

आता ज्या मुद्द्यामुळे हा लेख लिहावासा वाटला तो. या विषयाच्या नावात १९७३ पर्यंत केवळ 'औद्योगिक' हे विशेषण होते; त्या वर्षी शाखेने 'संघटनात्मक' जोडले. पुढे 'औद्योगिक' गाळून टाकावे काय यावर 'सायॉप'च्या सभासदांनी २०१० साली मतदान केले, आणि जुने नाव थोडक्या मतांनी बचावले. मराठीत मात्र दुसऱ्या विशेषणाचीच मौज आहे. 'ऑर्गनायझेशन' या शब्दासाठी आपण 'संघटना' हा शब्द रूढ केला. पण परळ-लालबागच्या माणसाला संघटना म्हटले की आठवते ती कामगार संघटना. मालकाच्या बाजूला 'कंपनी' असते, 'मॅनेजमेंट' असते, 'संघटना' नसते. त्याच्या कानाला 'संघटनात्मक मानसशास्त्र' म्हणजे युनियनचे मानसशास्त्र. भाषांतराच्या या योगायोगाने शास्त्राच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. कारण या शास्त्राने ज्या संघटनेचा अभ्यास केला ती कंपनी. कामगारांच्या संघटनेकडे त्याने पाठ फिरविली. लॉरेन बॅरिट्झ यांनी १९६० साली 'द सर्व्हंट्स ऑफ पॉवर' या ग्रंथात समाजशास्त्रज्ञांच्या उद्योगपतींच्या चाकरीवर कठोर टीका केली होती. रॉस स्टॅग्नर व आर्थर कॉर्नहाउझर यांच्यासारखे अपवाद होते. कॉर्नहाउझर यांनी डेट्रॉइटच्या मोटार-कामगारांच्या मानसिक स्वास्थ्यावर १९६५ साली ग्रंथ लिहिला. या उपेक्षेचा इतिहास बोलिंग ग्रीनच्या मायकेल झिकर यांनी २००३ व २००४ सालच्या दोन लेखांत तपासला आहे. हे झिकर वर उल्लेखिलेल्या २००२ च्या गुणानुक्रमाच्या लेखकांपैकीच एक. लेखांची मोजणी करणारा हात आणि शास्त्राची सदसद्विवेकबुद्धी तपासणारा हात एकाच देहाला असू शकतात, ही समाधानाची गोष्ट आहे.

आपल्या विद्यार्थ्याला यात काय पणाला लागते? त्याचा प्रश्न. गिरणीतला बदली कामगार, जॉबरची भरतीपद्धती, खाडा पडण्याची कारणे, आजच्या काळात पुण्याच्या रस्त्यांवर दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचविणारे तरुण, असे काही डोक्यात घेऊन तो जातो. तेथे गेल्यावर मार्गदर्शकाच्या चालू प्रकल्पातील एखादा लहानसा प्रश्न त्याला दिला जातो, आणि पाच वर्षांनी तो त्या प्रश्नाचा उत्तम जाणकार होतो. कोणी फसविलेले नसते. पत्रकात 'विद्यार्थी अध्यापकांच्या संशोधनात सहभागी होतो' असे लिहिलेलेच होते.

एक उदाहरण देतो, कारण ते माझ्या शास्त्राच्या सीमेवरचे आहे. पॅट्रिशिया स्मिथ, केंडल व हुलिन यांची १९६९ साली प्रसिद्ध झालेली नोकरीविषयक समाधानाची मापनी ही या विषयातील सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या साधनांपैकी एक. स्मिथबाई १९६६ पासून बोलिंग ग्रीनमध्ये होत्या. मूळ मापनीत बहात्तर शब्द वा लहान शब्दसमूह आहेत. प्रत्येकापुढे कामगाराने 'होय', 'नाही' किंवा प्रश्नचिन्ह लिहावयाचे. प्रश्नचिन्ह म्हणजे मध्यस्थ उत्तर असे कोणासही वाटेल. परंतु असमाधानी माणसेच ते अधिक लिहितात असे आढळल्यावरून त्याला मधला गुण न देता होकाराला तीन, प्रश्नचिन्हाला एक व नकाराला शून्य असे गुण ठेवण्यात आले. न बोलणे हे निम्मे नाही म्हणणे आहे, हा भाषाविज्ञानाचाच निष्कर्ष होय. इलिनॉयमधील हुलिन, ड्रास्गो व कोमोकार यांनी १९८२ साली या मापनीच्या स्पॅनिश भाषांतरातील शब्द मूळ शब्दांइतकेच मोजतात काय, हे प्रश्नवार तपासण्याची गणिती रीत दाखविली. मराठीत हे काम करू म्हणणाऱ्याला लगेच अडचण येईल. आमचा कामगार 'बरं चाललंय' म्हणतो, 'ठीक आहे' म्हणतो, 'चाललंय आपलं' म्हणतो. या तिहींतले होय कोणते, प्रश्नचिन्ह कोणते, आणि तिसऱ्यातला 'आपलं' किती गुण कमी करतो? हा पीएच्. डी.चा विषय आहे, आणि उत्तम विषय आहे. तो स्वीकारू शकेल असा मार्गदर्शक मापनाचे गणित जाणणारा हवा, आणि मराठी न जाणताही विद्यार्थ्याच्या भाषिक निर्णयावर विश्वास टाकणारा हवा. अशी माणसे थोडी असतात. ती यादीतील पहिल्या विभागात असतील किंवा पंधराव्या.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी संभाव्य मार्गदर्शकाला एक पत्र लिहावे. त्यात आपला प्रश्न सात-आठ वाक्यांत मांडावा, त्याच्या कोणत्या लेखाशी तो जोडलेला आहे ते सांगावे, आणि तीन गोष्टी विचाराव्यात : येत्या वर्षी आपण नवा विद्यार्थी घेणार आहात काय, आपल्या शेवटच्या चार विद्यार्थ्यांचे प्रबंधविषय कोणी सुचविले, आणि भारतातून माहिती गोळा करण्यास विभागाची काही आडकाठी आहे काय. अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरच्या प्रारंभी संपते. पत्र सप्टेंबरात गेलेले बरे.